एक ग्रोस चाके

खोक्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या चौकटी मी जेवणाच्या टेबलावर एकावर एक रचत होतो, तेव्हा आईने विचारलेला पहिला प्रश्न त्या रणगाड्याविषयी नव्हता आणि, माझ्या अपेक्षेविरुद्ध, किमतीविषयीही नव्हता. तिने एक चौकट उचलून खिडकीच्या उजेडाकडे तिरपी धरली, तिच्यातील एका चाकाच्या कडेवरून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणाली, "ह्याची साल कोण काढणार?"

साल मीच काढणार होतो. दुसऱ्या महायुद्धातील ‘टायगर’ या जर्मन रणगाड्याची ती एकास सोळा प्रमाणातील प्रतिकृती होती. खरा रणगाडा तोफेच्या टोकापर्यंत मोजला तर साडेआठ मीटरांच्या जवळ जातो, म्हणजे पूर्ण झाल्यावर माझ्या टेबलावर तो अर्ध्या मीटरहून थोडी जास्तच जागा अडवणार होता. त्याला एका बाजूला २४ आणि दोन्ही बाजू मिळून ४८ चाके. माझ्या संचात प्रत्येक चाक तीन भागांत आले होते: आतली तबकडी, बाहेरची तबकडी आणि दोन्हींना वेढणारी धाव. बैलगाडीच्या चाकाची धाव लोखंडी असते, याची खऱ्या रणगाड्यावर रबराची होती, एवढाच फरक. ४८ त्रिक १४४ तुकडे साफ करायचे आहेत, असा हिशेब मी आईला सांगितला. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "म्हणजे एक ग्रोस."

ग्रोस हा शब्द आमच्या घरात कित्येक वर्षांनी उच्चारला गेला. १९८० च्या दशकात आम्ही ठाण्याच्या किसननगरमध्ये एका चाळीत राहत होतो आणि चाळीपासून चालत दहा मिनिटांवर वागळे इस्टेट सुरू होत असे. एमआयडीसीचा कारभार १९६२ मध्ये याच वसाहतीतून सुरू झाला. तिथले बहुतेक रस्ते आजही नावाने नव्हे तर क्रमांकानेच ओळखले जातात, आणि लहानपणी रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस हे शब्द आमच्या तोंडी नातेवाइकांच्या नावांसारखे असत. बाबांच्या कंपनीला टाळे लागले त्या वर्षी आईने एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या गाळ्यातून घरी काम आणायला सुरुवात केली. गोणीतून बाटल्यांची बुचे, खेळण्यांची चाके, खटक्यांची झाकणे यायची. प्रत्येक तुकड्याच्या कडेला सायीसारखा पातळ पापुद्रा असायचा. कारखान्यातले लोक त्याला फ्लॅश म्हणत आणि आई त्याला साल म्हणे. तो पापुद्रा दाढीच्या अर्ध्या पात्याने काढायचा, माल साफ करून ग्रोसच्या हिशेबाने पिशव्या भरायच्या आणि शनिवारी गाळ्यावर नेऊन द्यायच्या, असे ते काम होते. एक ग्रोस म्हणजे बारा डझन. शाळेत बारा बारे एकशे चव्वेचाळीस पाठ होण्याआधी मला ते हाताने येत होते.

तेव्हा ज्या कामासाठी आईला ग्रोसमागे ठरावीक पैसे मिळत, तेच काम करण्यासाठी आता मी स्वतःच्या खिशातून भरभक्कम रक्कम मोजली आहे, ही गोष्ट तिच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही. तिने ती बोलून दाखवली नाही, हा तिचा मोठेपणा.

हा पापुद्रा येतो कुठून, हे एकदा समजले की संच पाहण्याची दृष्टीच बदलते. प्लॅस्टिकचा दाणा तापवून पातळ केला जातो आणि स्क्रूच्या दाबाने तो पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, ढकलला जातो. डाय दोन भागांची असते आणि दोन भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे, डाय कितीही चोख असली, तरी केसाएवढी रेघ उमटते. डाय नवी असेल तर रेघेवर भागते. हजारो वेळा उघडझाप होऊन तिच्या कडा झिजल्या की त्या फटीतून रस बाहेर येतो आणि रेघेचा पापुद्रा होतो. थंड झालेला तुकडा आतून खिळ्यांनी बाहेर लोटतात, त्या खिळ्यांचे गोल ठसेही आतल्या बाजूला राहतात. ज्या काड्यांच्या चौकटीतून रस प्रत्येक तुकड्यापर्यंत पोहोचतो, तिला छंदिष्ट मंडळी स्प्रू म्हणतात. वागळे इस्टेटमध्ये कोणीही तिला रनर म्हणेल, आणि बरोबर वागळे इस्टेटच आहे. स्प्रू म्हणजे रस ज्या मुख्य तोंडातून डायमध्ये शिरतो ते. पण हा वाद मी आमच्या गटात दोनदा घालून पाहिला आहे आणि दोन्ही वेळा मीच मूर्ख ठरलो आहे.

तर चाके. खऱ्या टायगरचे चाक ८० सेंटिमीटर व्यासाचे होते, म्हणून माझे चाक बरोबर पाच सेंटिमीटरांचे, म्हणजे पाणीपुरीच्या चांगल्या फुगलेल्या पुरीएवढे झाले. दुकानांत अधिक दिसणाऱ्या एकास पस्तीस प्रमाणात हेच चाक जेमतेम २३ मिलिमीटरांचे होते आणि त्या आकारात बऱ्याच चुका झाकल्या जातात. पाच सेंटिमीटरांच्या चाकावर काहीही झाकले जात नाही. धावेच्या मध्यावरून गेलेली साच्याची रेघ टेबलाच्या पलीकडून दिसते, आणि ती तशीच राहिली तर पाहणाऱ्याला चाक दिसण्याऐवजी प्लॅस्टिक दिसते. रबराच्या धावेवर शिवण नसते.

तुकडा चौकटीतून सोडवताना निपर, म्हणजे कापायची छोटी पक्कड, थेट अंगाला लावायचा नाही, हे मी पूर्वीच्या दोन लहान संचांवर नुकसान करून शिकलो होतो. अंगालगत चिमटा घेतला की प्लॅस्टिक ताणले जाते आणि आतपर्यंत पांढरा डाग पडतो, कधी लहानसा कपचाही उडतो. म्हणून पहिला काप लांबून घ्यायचा, मग उरलेले बोंड दुसऱ्या कापात कमी करायचे आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर पात्याने उतरवायचा. इथवर माझे ठीक चालले होते. अडचण आली ती धावेवरची रेघ काढताना. मी चाक टेबलावर दाबून धरून कानस फिरवत होतो. बारा चाके झाल्यावर एक चाक ओट्याच्या ग्रॅनाइटवर सोडून पाहिले, तर ते घरंगळताना टकटक वाजू लागले. जिथे जिथे कानस जास्त वेळ टेकली होती तिथे धाव सपाट झाली होती. गोल वस्तू सरळ अवजाराने घासली की ती गोल राहत नाही, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर बारा चाके खराब करून कळली.

आई समोर भाजी निवडत बसली होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला दूरचे छान दिसते आणि जवळचे दिसत नाही, त्यामुळे ती माझे हात पाहत नव्हती, फक्त कानशीचा आवाज ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "तू पातं का हलवतोस?"

"मग काय हलवू?"

"चाक."

तिने हात पुसले आणि माझ्याकडून पाते मागून घेतले. छंदाच्या दुकानातली ती सुरी तिने उलटसुलट करून पाहिली, तिची धार तिला पसंत पडली, मूठ पडली नाही. मग तिने सुरी डाव्या हातात घट्ट धरली, हाताचे कोपर टेबलाला टेकवले, पात्याची धार नव्हे तर पाठ धावेला लावली आणि उजव्या हाताने चाक स्वतःकडे फिरवायला सुरुवात केली. बटाटा सोलताना बटाटा फिरतो, विळी जागची हलत नाही, तसे ते होते. पात्याच्या पाठीला काटकोनाची कडक कड असते. ती कापत नाही, खरवडते, त्यामुळे खोल रुतण्याचा धोका नसतो. प्लॅस्टिकची केसासारखी बारीक, कुरळी तार निघू लागली आणि ती मध्ये तुटली नाही. चाकाचा एक पूर्ण फेरा झाला तेव्हा ती तार आपोआप गळून तिच्या पदरावर पडली. तिने चाक माझ्यापुढे सरकवले आणि पुन्हा मेथीकडे वळली. एकूण वेळ अर्ध्या मिनिटाहून जास्त नसेल. तिच्या हाताला आता थोडा कंप आहे, पण कोपर टेकवल्यावर तो चाकापर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतरची सगळी चाके मी तशीच केली. खरवडून झाल्यावर ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, तोही चाकाभोवती गुंडाळून आणि चाकच फिरवून. मधल्या काळात चाक ड्रिलमध्ये बसवून वेगाने फिरवण्याची आधुनिक कल्पना मी एका खराब तुकड्यावर करून पाहिली. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि घर्षणाने तेवढी उष्णता काही क्षणांतच होते, त्यामुळे धावेवर मेणासारखा वळ उठला. ड्रिल परत माळ्यावर गेले.

तबकड्या जोडण्याविषयी फार सांगण्यासारखे नाही. या कामाचा पातळ गोंद हा खरे तर गोंद नसून द्रावक असतो. तो दोन पृष्ठभागांचे प्लॅस्टिक विरघळवतो, ती दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड राहत नाही, एकच वस्तू राहते. ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवले तरी तो आपल्या आपण फटीत धावतो. काळजी एवढीच घ्यायची की त्या क्षणी आपले बोट फटीवर नसावे, कारण द्रावक बोटाखालीही धावतो आणि चाकावर अंगठ्याचा कायमचा ठसा उमटतो. माझ्या ४८ चाकांपैकी एकावर असा ठसा आहे. ते कुठे बसवले हे मी सांगणार नाही.

सांगण्यासारखे आहे ते ही चाके एकमेकांत बसतात कशी, याविषयी. टायगरच्या प्रत्येक बाजूला आठ आस होते आणि प्रत्येक आसावर तीन चाके. शेजारच्या दोन आसांवरची चाके एकमेकांच्या फटींत शिरलेली असत, पत्त्यांचे दोन गठ्ठे एकमेकांत पिसावेत तशी. सत्तावन्न टनांच्या आसपासचे वजन मऊ जमिनीवर तोलायचे तर ते जास्तीत जास्त चाकांवर वाटले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता, आणि कागदावर तो बिनतोड होता. रशियाच्या हिवाळ्यात त्या फटींत चिखल जाऊन बसला आणि रात्री गोठला की सकाळी चाके हलेनाशी होत. आतल्या रांगेतील एखाद्या चाकाची धाव फाटली तर ते बदलण्यासाठी आधी बाहेरची अनेक चाके उतरवावी लागत. रेल्वेने न्यायचे असेल तर आणखी निराळा खटाटोप करावा लागे. चाकांभोवती फिरणारा लढाईचा ७२५ मिलिमीटर रुंदीचा पोलादी पट्टा डब्याच्या मापात बसत नसे, म्हणून बाहेरची चाके काढून ५२० मिलिमीटरांचा अरुंद पट्टा चढवायचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर सगळे उलटे करायचे. रबराच्या टंचाईनेही चाकांवर आपला हात फिरवला. सोव्हिएत कारखान्यांनी टी-३४ या आपल्या रणगाड्याला काही काळ पोलादी कडांची चाके लावली, आणि १९४४ च्या सुरुवातीपासून टायगरलाही पोलादी कडेची चाके आली. ती प्रत्येक आसावर दोनच असत, म्हणजे एकूण ३२. मी त्या वर्षाचा संच घेतला असता तर माझा ग्रोस भरला नसता.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण पाहुणे ती विचारतातच. या रणगाड्याविषयी माझ्या मनात कसलाही भक्तिभाव नाही. तो ज्यांच्यासाठी बनला त्यांची चिन्हे माझ्या प्रतिकृतीवर लागणार नाहीत, त्यांचे छापील कागद मी खोक्यातच ठेवले आहेत. आपल्या सैन्याचा सेंच्युरियन किंवा विजयंता का केला नाहीस, असे मेव्हण्याने विचारले होते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आम्ही दोघांनी मिळून ते पाहिले आहेत आणि सेंच्युरियनच्या बाजूची सहा जोडचाके मी तिथे हात लावून मोजलीही आहेत. पण सहा जोडचाके असलेला रणगाडा शहाण्या माणसांनी बनवला आहे हे पाहताक्षणी कळते. मला ही ४८ चाकांची हुशारी, जी अखेर स्वतःच्याच पायांत अडकली, हाताने जुळवून पाहायची होती. १९४३ च्या एप्रिलमध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला एक टायगर इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात अजून चालत्या स्थितीत आहे. तो चालताना त्याची चाके एकामागून एक वरखाली होतात, ते चित्रफितीत मी किती वेळा पाहिले असेल याची गणती नाही.

चाके अशी एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती रणगाड्यावर चढवून मग रंगवणे शक्य नसते. आतल्या रांगेपर्यंत ना ब्रश पोहोचतो ना फवारा. म्हणून प्रत्येक चाक सुटे असतानाच त्याला प्रायमर द्यावा लागतो. घर रंगवणारे आपले कारागीर प्रायमरला अस्तर म्हणतात, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो. कोटाचे अस्तर आणि भिंतीचे अस्तर ही दोन्ही दिसण्यासाठी नसतात, पण ती नसली की वरचे धड बसत नाही. गुळगुळीत प्लॅस्टिकवर रंग नुसता टेकतो, नख लागले की निघतो. प्रायमरमधला द्रावक प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाला किंचित चावतो आणि तिथे घट्ट धरून राहतो. त्याआधी सगळे तुकडे भांडी घासायच्या साबणाने धुवावे लागतात, कारण डायमधून माल सुटावा म्हणून मारलेल्या तेलकट फवाऱ्याचा अंश त्यांवर असतो. आमच्या घरी ४८ चाके पुरणाच्या चाळणीत निथळत असताना शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी काही विचारले नाही.

धुतलेल्या चाकांना धरायचे कसे, हा पुढचा प्रश्न होता. बांबूच्या काड्या चाकाच्या भोकात घट्ट बसतात आणि त्यामुळे भोकात रंगही जात नाही, हा दुहेरी फायदा. भोकात प्रायमरचा थर चढला तर पुढे चाक आसावर बसत नाही. काड्या खोचायला मला माळ्यावर थर्माकोलचे जुने मखर सापडले. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हापासून ते तिथे पडून होते, टाकायचे कुठे हे न कळल्यामुळे. मखराच्या एका खांबावर मी बारा चाके ओळीने उभी केली, बाल्कनीत नेली, मास्क लावला आणि राखाडी प्रायमरच्या डब्याने पहिला हात मारला.

मिनिटाभरात चाके नमस्कार करू लागली. आधी एक झुकले, मग शेजारचे, आणि मी धावून काही करीपर्यंत सात चाके एकमेकांच्या अंगावर ओल्या रंगासह रेलली होती. थर्माकोल पाहिले तर काड्यांभोवती खड्डे पडून ते आत आत जात होते. मग ट्यूब पेटली. थर्माकोल आणि माझी चाके ही दोन्ही पॉलिस्टायरीनच आहेत. एक भरीव आणि दुसरे हवेने फुगवलेले. जो द्रावक भरीव चाकाला नुसता चावतो, तो कागदापेक्षा पातळ भिंतींचे फुगीर थर्माकोल जिवंत खाऊन टाकतो. ज्या गुणामुळे अस्तर चाकाला धरणार होते, त्याच गुणाने त्याने चाकांच्या पायाखालची जमीन काढून घेतली होती. प्लॅस्टिकच्या गोण्या वाहण्यात ज्याचे बालपण गेले त्याला हे आधी सुचायला हवे होते. ती सात चाके वाळू दिली, पुन्हा पाण्यात घासली, आणि काड्यांसाठी फुलवाल्याकडून हिरवा ओला स्पंज न आणता, सरळ एका बुटाच्या खोक्यात वाळू भरून घेतली.

दुसरा प्रयत्न पावसाने खाल्ला. घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्याला जुलैत येऊरचे डोंगर दिसत नाहीत, त्यांच्या जागी एक पांढरी भिंत असते आणि ती दिवसातून चार वेळा बाल्कनीत येते. हवेतील आर्द्रता ९० टक्के असताना मी सहा चाकांवर फवारा मारला. द्रावक झपाट्याने उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतले बाष्प त्या थंड पृष्ठभागावर ओल्या रंगातच जमा होते. रंग वाळल्यावर चाकांवर पिठी साखर भुरभुरल्यासारखा पांढुरका थर आला. पावसाळा नसेल तेव्हा मेट्रोच्या कामाची धूळ असते, म्हणजे आमच्या बाजूला अस्तर मारण्याचा मुहूर्त वर्षातून फार थोडे दिवस निघतो.

या अडचणीवर उपाय सांगितला तो जवळच्या गणपतीच्या कारखान्यातल्या मूर्तिकारांनी. त्यांचे सगळे वर्षाचे काम नेमके याच महिन्यांत येते आणि त्यांनाही मूर्तीला आधी पांढरा हात द्यावा लागतो, मग बाकीचे रंग. मंडपात हॅलोजनचे दोन दिवे आणि एक टेबलफॅन लावून ते मूर्ती सुकवत होते. माझे चाक त्यांनी हातात घेतले, फिरवले आणि म्हणाले, "जवळून जाड मारू नका. लांबून, हलका, आणि हात थांबवायचा नाही. पहिल्या हातात वस्तू झाकली गेली तर समजा जास्त झाला." कॉम्प्रेसरच्या नळीवरची पाण्याची वाटी दर तासाला रिकामी करायची, हेही त्यांनीच सांगितले. नाहीतर दाबलेल्या हवेतले पाणी थेंब होऊन फवाऱ्यातून बाहेर उडते. मी तसे केले. उघडीप मिळालेल्या एका दुपारी, बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे आत घेऊन (पहिल्या दिवशी ते घेतले नव्हते, त्याचे पडसाद अजून उमटतात), एअरब्रशने, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या बारीक फवाऱ्याने, मी चाकांवर धुक्यासारखा पहिला हात दिला. फवारा चाकाच्या अलीकडे सुरू करायचा आणि पलीकडे गेल्यावर बंद करायचा. समोरून मारला तर बशीसारख्या खोलगट तबकडीत हवा आपटून उलटी येते आणि बोल्टांच्या मुळाशी रंग पोहोचत नाही, म्हणून चार दिशांनी तिरपा मारायचा. पंधरा मिनिटे थांबून दुसरा हात द्यायचा.

प्लॅस्टिक चकाकते तोवर डोळा फसतो. राखाडी अस्तराने चाकांची चकाकी गेली आणि मी काय काय सोडून दिले होते ते सगळे वर आले. सपाट झालेल्या जागा, पात्याचे ओरखडे, दोन तबकड्यांच्या जोडावरची उघडी फट, खिळ्यांचे गोल ठसे, एका धावेवर जशीच्या तशी राहिलेली साच्याची रेघ. यातल्या निम्म्या गोष्टी मी भिंगातूनही पाहिल्या नव्हत्या. एकोणीस चाके मी बाजूला काढली, पुट्टी भरली, पुन्हा घासली, पुन्हा अस्तर दिले. एका चाकावर हे तीनदा झाले.

राखाडीवर मग मी तांबडा हात दिला. जर्मन कारखान्यांत रणगाड्याच्या पोलादाला आधी तांबडे, गंजरोधक अस्तर बसे, आणि १९४३ च्या फेब्रुवारीपासून त्यावर गडद पिवळा मूळ रंग येऊ लागला. पिवळा जिथे खरचटेल तिथे खालचा तांबडा दिसला पाहिजे, म्हणून हा थर. आपल्याकडे खिडकीच्या प्रत्येक ग्रिलला ऑइलपेंटआधी रेड ऑक्साइड मारतात, रंग तोच. ४८ चाके बुटाच्या खोक्यांतल्या वाळूत उभी राहिली तेव्हा वागळे इस्टेटच्या फॅब्रिकेशनच्या एखाद्या गाळ्याबाहेर नुकताच माल रंगवून ठेवल्यासारखे दिसत होते.

दोन दिवस वाळवून मी ती मिठाईच्या खोक्यांत भरली आणि आतली, मधली, बाहेरची अशी लावायला बसलो. प्रत्येक चाक आसाच्या सळईवर फिरवून पाहत होतो, कारण एखादे अर्ध्या मिलिमीटरनेही डगमगले तर ते शेजाऱ्याला घासते, आणि शेजारी अंगाअंगात शिरलेला आहे. आईने एक खोके स्वतःकडे ओढले. गाळ्यावरचे सुपरवायझर ग्रोसमधले दहा नग काढून तपासत आणि दोन नापास झाले तर सगळी पिशवी परत करत. तिने दहा काढले नाहीत, सगळीच चाके एकेक करून घेतली. डोळे खिडकीबाहेर होते. चाक बोटांत फिरत होते आणि अंगठ्याचे नख धावेवर टेकलेले होते. एक फेरा, खोक्यात. एक फेरा, खोक्यात. शेवटी तीन चाके टेबलावर राहिली.

मी ती उचलून पाहिली. मला काही दिसले नाही. नख लावले तेव्हा एका ठिकाणी, अगदी किंचित, अडल्यासारखे झाले. तिन्ही चाकांवर मागच्या बाजूला मी पेन्सिलीने ‘आ’ लिहिले होते.

"आई, ही आतल्या रांगेतली आहेत. दोन थर चाकांच्या मागे जाणार. वरून पट्टा येणार. कुणाला दिसणार नाहीत."

"मला काय माहीत कुठली आत जाणार," ती म्हणाली आणि दुसरे खोके ओढले. "मी नुसतं बोट फिरवलं."

मी ६०० नंबरचा कागद पाण्यात टाकला.